कळी उजवीकडेच पडली पाहिजे

सुमनताई बोडखे मला दिसल्या नंतर, ऐकू आल्या आधी. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेतला माझा पहिला दिवस होता. स्कूटी फाटकातून आत घेत होते, तेवढ्यात मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "ओ नव्या बाई! वढनी चाकात चालली!" मी कचकन ब्रेक दाबला. ओढणीचं टोक खरंच चाकापाशी लोंबत होतं. वर पाहिलं तर लांबवर साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली एक ठेंगणी, ठसठशीत बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. आभार मानायला मी हात वर केला, तर पुन्हा आवाज आला, "हात खाली! हँडल धरा पयले!"

त्या आमच्या शाळेत पीटी शिकवायच्या. गळ्यात शिट्टी असायची, पण तिचं काम फारसं पडायचं नाही. सकाळच्या प्रार्थनेला त्यांनी "साऽऽवधान" म्हटलं की कौलांवरची कबुतरं उडायची. फाटकासमोरच्या कटिंगच्या दुकानातला न्हावी वस्तरा गिऱ्हाईकाच्या गालापासून लांब धरून थांबायचा, कारण एकदा दचकून त्याचा हात हलला होता. भिंतीपलीकडच्या मुलांच्या शाळेतली पोरंही सावधानमध्ये उभी राहतात, असं आम्ही म्हणायचो. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. शाळेने माईक घेतला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "माईक म्हंजे बिमार मानसाचं काम," त्या म्हणाल्या.

आणि हा आवाज नुसता मैदानापुरता नव्हता हो. स्टाफरूममध्ये कोणी कधी रजा टाकायची, कोणाच्या डब्यात तेल जास्त आहे, कोणाच्या भाचीला बडनेऱ्याचा कोणता मुलगा दाखवायचा, सगळं सुमनताई ठरवत. माझं माहेर अकोल्याचं. मी दर पंधरवड्याला अकोल्याला जायची, तर कोणत्या गाडीने जायचं तेही त्याच सांगत. "आठची धरू नोको वं वंदने, बम गर्दी असते. नवाची धर, अन उजव्या बाजूनं बस, ऊन नाही लागत." मी गणिताची बाई, मला लोकांनी सांगितलेलं चालत नाही. एकदा मुद्दाम आठची धरली. मूर्तिजापूरपर्यंत एका पायावर उभी होते. परत आल्यावर ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, तरी त्यांना कळली.

त्यांचे यजमान दिनकरराव अंजनगाव सुर्जीला संत्र्याचा बगीचा पाहायचे. मूळचे माळी, बगीच्यात जन्म गेलेला माणूस. बोलायला अगदी गरीब. बाई शाळेच्या व्हरांड्यातून फोनवर त्यांना बगीच्याचे हुकूम द्यायच्या, "पानी सोडलं का? काहून नाही सोडलं? मोटर पाहा जाऊन!" आमचा शिपाई पुंडलिक म्हणायचा, "मॅडमले फोन कायले लागते? अंजनगाव असं कितीक दूर हाय!"

आता देवीचं सांगते. सुमनताईंच्या कपाटात, शिट्ट्या आणि लेझीमच्या गठ्ठ्यामागे, देवीचा एक छोटा चांदीचा टाक असायचा. टाक म्हणजे देवीची ठशाची पातळशी मूर्ती, आपण देवघरात ठेवतो ती. त्या टाकावर त्या कौल लावायच्या. शाळेच्या कुंपणाला कण्हेर होती. तिची एक कळी घ्यायची, पाण्यात बुडवून देवीच्या कपाळाला चिकटवायची आणि मनातलं विचारायचं. कळी उजवीकडे पडली तर देवी हो म्हणते, डावीकडे पडली तर नाही. आमच्या वऱ्हाडात जुन्या घरांतून हे चालायचं, लग्नाला, विहिरीला, असल्या मोठ्या कामांना. सुमनताई सहामाही परीक्षेच्या सुपरव्हिजनलाही कौल लावायच्या.

आणि गंमत अशी की कळी उजवीकडेच पडली पाहिजे. डावीकडे पडली की बाई खवळायच्या. "फाऊल! पंख्याचा वारा लागला." पंखा बंद. पुन्हा डावीकडे. "वल्ली नव्हती बराबर." पुन्हा डावीकडे. "थांब, तिचं तोंड भिंतीकडे हाय." अशी देवीची तोंडं फिरवून, जागा बदलून, पाणी कमीजास्त करून शेवटी एकदाची कळी उजवीकडे पडायची, आणि बाई आमच्याकडे वळून म्हणायच्या, "पाहा, देवीची मर्जी!" आम्ही हसून हसून मरायचो.

एकदा मी विचारलंच. "ताई, देवीवर विश्वास आहे ना तुमचा?"

"हाय न वं. नसता त विचारलं कायले असतं?"

"मग तिचं 'नाही' का ऐकत नाही?"

त्या गंभीरच झाल्या. "तिच्या मांगं किती जग हाय! साऱ्याइचं पाहा लागते तिले. आपल्या शाळेतलं सारं तिले कुठून माहीत राहीन? समजावून सांगा लागते कोनीतरी."

खो-खोच्या सामन्यांना अकोल्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. गाडीत कोणी कुठे बसायचं, मूर्तिजापूरला चहा कोणत्या टपरीवर घ्यायचा, ड्रायव्हरने कोणत्या गल्लीतून गाडी काढायची, सगळं बाईंनी ठरवलं. मुलींच्या वेण्यासुद्धा त्यांनी स्वतः घट्ट घालून दिल्या. कॅप्टन नावाला होती, ती नुसता झेंडा धरायची. फायनलच्या आधी ड्रायव्हरच्या शेजारी, गाडीच्या बॉनेटवर टाक मांडला आणि कळी लावली. डावीकडे. "फाऊल! गाडी चालू हाय, हादरून पडली." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुन्हा डावीकडे. "तोंड अकोल्याकडे हाय तिचं, अकोलेवाल्याइच्या बाजूनं बोलन नाही त काय!" टाक अमरावतीकडे फिरवला. कळी उजवीकडे पडली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही हरलो. परतीच्या गाडीत पोरी मुसमुसत होत्या आणि बाई मांडीवर टाक घेऊन त्याच्याशी भांडत होत्या, "तू हो म्हटलं व्हतं! साऱ्याइच्या समोर म्हटलं व्हतं!" दुसऱ्या दिवशी कपाटातल्या देवीपुढे ना कळी ना साखर. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाल्या, "आज उपास हाय तिले."

हसायचो आम्ही, पण मनातून मला त्यांचा आधार वाटायचा. शाळेत काही बिघडलं तर बोडखे बाई आहेत, हे पक्कं होतं. त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात आपण आहोत तोवर आपल्याला काही होणार नाही, असं मला खरोखर वाटायचं. माझी आई लवकर गेली, त्यामुळेही असेल.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्या त्या घसा बसवूनच. "चिवड्याचं तेल लागलं," म्हणाल्या. हळद घातलेलं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, पण आवाज काही उघडेना. मग एक दिवस पदर सारखा करताना मला त्यांच्या गळ्याशी, शिट्टीच्या दोरीखाली, फुगल्यासारखं दिसलं. मी हात लावून पाहिला. गाठ होती.

माझ्या भावाच्या ओळखीचे घशाचे डॉक्टर अकोल्याला होते, म्हणून आम्ही तिकडे गेलो. तपासण्या झाल्या. गाठ साधी नव्हती. ती काढावी लागणार होती आणि थांबून चालणार नव्हतं. डॉक्टर शांतपणे सांगत होते. आवाजाची जी बारीक नस असते, ती त्या गाठीला लागूनच जाते. गाठ काढताना तिला धक्का पोचू शकतो.

"म्हंजे आवाज राहीन का नाही?" बाईंनी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही."

"काहून सांगता येत नाही? शिकले कायले मंग तुमी?"

डॉक्टर रागावले नाहीत. "आत गेल्यावरच दिसेल, बाई. आवाज राहू शकतो. घोगरा होऊ शकतो. काही महिने जाऊन परत येऊ शकतो. आणि येणारही नाही, असंही होऊ शकतं. मी खोटं सांगणार नाही."

बाहेर येऊन ऑटो केला. ऑटोवाल्याने मनाला येईल तो भाव सांगितला आणि बाई काही न बोलता आत बसल्या. त्या क्षणी मला खरी भीती वाटली.

नंतरचे काही दिवस त्यांनी हात टेकले नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं, तेही तेच बोलले. ऑपरेशन स्नेहसंमेलनानंतर करू म्हणून पाहिलं, डॉक्टर नाही म्हणाले. कपाटातल्या टाकावर कौल लावून झाला. उजवीकडे पडला, पण बाईंचा त्यावर विश्वास बसेना. "इचं काही खरं नाही," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "हे माह्या दबावात हाय. अंजनगावले जाऊ. खरा कौल घेऊ."

अंजनगावला बोडख्यांच्या बगीच्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांच्या कुळाच्या देवीचं ठाणं आहे. छोटी घुमटी आणि आत शेंदूर फासलेली दगडाची देवी, नाक ना डोळे. तिथल्या कौलाचा नियम कडक. एकदाच विचारायचं. जे पडेल ते घ्यायचं, दुसऱ्यांदा कळी लावायची नाही. सुमनताई लग्न होऊन आल्या त्याला किती वर्षं झाली, पण तिथे कौल लावायला त्या कधी गेल्या नव्हत्या. का गेल्या नव्हत्या ते सांगायला नकोच.

रविवारी गेलो. थंडीचे दिवस होते. बगीच्यात झाडांची पानं मलूल होऊन वळली होती, जमीन भेगाळली होती. मला वाटलं मोटर बिघडली. दिनकरराव म्हणाले, "नाही बाप्पा, पानी आपूनच बंद केलं हाय. यावक्ती तोडलं म्हंजे मंग फूल धरते झाड." मी विचारलं, "आणि नाही धरलं तर?" ते नुसते हसले आणि एका फांदीवरचं वाळकं पान खुडून खिशात टाकलं.

घुमटीची पूजा दिनकररावांच्या म्हाताऱ्या काकू करायच्या. सगळे त्यांना मोठीबाई म्हणत. त्यांनी कळी तांब्यातल्या पाण्यात बुडवून सुमनताईंच्या हातात दिली. बाईंनी ती देवीला लावली, हात जोडले, आणि त्या बसलेल्या आवाजात शक्य तेवढ्या ठासून विचारलं, "ऑपरेशन करू का नोको? अन आवाज राहीन का? दोनी सांग."

आम्ही वाट पाहत बसलो. कळी जागची हलेना.

ना उजवीकडे, ना डावीकडे. शेंदराला चिकटून बसली ती बसलीच. बाईंनी दिनकररावांना दारातून बाजूला व्हायला लावलं, वारा यावा म्हणून. वारा आला, कळी नाही पडली. मग मी पाहिलं, बाई थोड्या पुढे सरकल्या आणि त्यांचे गाल फुगले. एक फुंकर मारली असती तर कळी काय, आतली समई पण गेली असती. मोठीबाईंनी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. गाल हळूच खाली बसले.

"सांग नं वं!" बाई एकदम ओरडल्या. ओरडायला गेल्या, पण आवाज मधेच फाटला आणि नुसती हवा बाहेर आली. स्वतःच्या त्या आवाजाला त्या स्वतःच भ्यायल्या. मग रडायलाच लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मले भेव लागून राहिलं, वंदने," त्या म्हणाल्या. "आवाजाबिगर मी काय हाय? पोट्ट्या ऐकतीन का मले? कोन ऐकन?"

दिनकरराव दाराबाहेर उकिडवे बसून मातीकडे पाहत होते. मोठीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मले भाकरी टाकाच्या हायत," त्या म्हणाल्या. "बसतं त बस तू. येच्या वक्ती दार वढून घेजो." आणि गेल्या.

आम्ही जेवलो. बाई जेवायला आल्या नाहीत. ऊन कलायला लागलं तेव्हा मी त्यांना बघायला गेले. त्या देवीसमोर तशाच मांडी घालून बसलेल्या होत्या. कळीही तिथेच होती, थोडी सुकलेली. पण बाईंचा चेहरा वेगळा होता, रडून मोकळा झालेला. त्या देवीशी बोलत होत्या. भांडत नव्हत्या, बोलत होत्या. मी दारातच थांबले.

"ठीक हाय," त्या म्हणत होत्या. "नोको सांगू. तुले माहीत हाय नं? मंग मले माहीत नसलं तरी चालते."

मग त्यांनी डोकं टेकवलं, उठल्या, आणि दार ओढून घेतलं.

परत येताना गाडीत मी विचारलं, "ताई, काय ठरलं मग?"

"काय ठराचं हाय? ऑपरेशन करू."

"पण कौल तर दिला नाही देवीने."

"नाही देल्ला." खिडकीतून त्या बगीच्याकडे पाहत होत्या. "तरी जाऊ."

ऑपरेशनच्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात, आत नेण्याआधी, त्यांनी उशीखालून तो टाक काढून माझ्या हातात दिला. "धर. पन काही विचारू नोको तिले." मग स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाल्या, "हळू. घाई नाही." त्या जुन्या बसलेल्या आवाजात मी त्यांचं ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

बाहेर बाकावर मी आणि दिनकरराव. ते चहा आणायला गेले आणि मी एकटी राहिले. आता माझं देवाधर्माचं असं आहे की देव मला लांबच्या नातेवाईकासारखा, सणावारी भेट, एरवी नाही. पण दवाखान्याच्या आवारात कण्हेर होती. मी उठले, एक कळी तोडली, बाटलीतल्या पाण्याने ओली केली. हात टाकापर्यंत गेला. मग मी विचार केला. उजवीकडे पडली तर माझा विश्वास बसणार नाही, आणि डावीकडे पडली तर मी इथेच मरून जाईन. असला प्रश्न विचारून करायचं काय? कळी देवीच्या पायाशी ठेवली आणि टाक दोन्ही हातांत धरून बसून राहिले. दिनकरराव चहा घेऊन आले, त्यांनी ते पाहिलं आणि माझा कप बाकावर ठेवला.

गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर बाहेर येऊन हसले तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नस तुटली नव्हती, पण दुखावली होती. आवाज कधी येईल, किती येईल, सांगता येत नाही, असं ते पुन्हा म्हणाले.

आणि आवाज आला नाही. महिने गेले. श्वासावर दोन शब्द निघायचे, तेही तोंडाशी कान लावला तर. बाईंनी घरात टाळ्यांची भाषा सुरू केली. एक टाळी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे चुकलं. मी भेटायला गेले की दिनकरराव खुशीत असायचे. "लग्न झाल्यापासून पयल्यांदा माहं वाक्य पुरं होऊन राहिलं," ते म्हणाले. बाई गळ्यावर हात धरून आवाज न करता इतक्या हसल्या की मला त्यांना आवरावं लागलं. बगीचा फुलला तेव्हा दिनकररावांनी रुमालात बांधून संत्र्याची फुलं आणली. घरभर वास सुटला. बाईंनी पाण्याचं, खताचं काही विचारलं नाही. फुलं नाकाशी धरून बसून राहिल्या.

जूनअखेर शाळा उघडली. हेडमास्तरीण बाई भल्या, म्हणाल्या, "बोडखे बाई, यंदा तुम्ही ऑफिसात बसा." सुमनताईंनी मान हलवली आणि बूट घालून मैदानावर आल्या. प्रार्थनेला नववीतल्या रोशनी वानखडेला त्यांनी पुढे ओढलं. रोशनी म्हणजे अगदी काडी, वर्गात माझ्या प्रश्नाचं उत्तरही ओठातल्या ओठात देणारी. ती "सावधान" म्हणाली ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. पोरी फिदीफिदी हसल्या. बाई तिच्या मागे गेल्या, तिच्या पोटावर हात ठेवला आणि स्वतः मोठा श्वास घेऊन दाखवला. इथून काढ, असं. रोज तेच.

एकदा रोशनीने संचलनात डावं-उजवं चुकवलं आणि अख्खी रांग कण्हेरीच्या झुडपात घुसली. पूर्वीच्या बाई असत्या तर त्यांचा आवाज थेट बडनेऱ्याला ऐकू गेला असता. मी व्हरांड्यातून पाहत होते. बाईंनी डोळे मिटले, हात पाठीमागे घट्ट धरले. त्यांना काय होत असेल ते मला इथपर्यंत कळत होतं. पोरी आपापसांत भांडल्या, हसल्या, आणि रोशनीने ओरडून त्यांना परत ओळीत आणलं. बाईंनी डोळे उघडले तेव्हा ओळ सरळ होती.

कौल मात्र बंद झाला. टाक कपाटातच होता, रोज त्याच्या पायाशी एक कळी असायची, बस. आम्ही छेडायचो, "ताई, आमच्यासाठी तरी विचारा ना, यंदा बदल्या होतील का?" तर बोट हलवून नाही म्हणायच्या.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर स्टाफरूममध्ये आम्ही वह्या तपासत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "वंदने, च्या दे." घोगरा, बारीक, फटीतून यावा तसा आवाज. मी चहा ओतता ओतता माझ्याच साडीवर ओतला. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी त्यांना मिठी मारत होतं, कोणी रडत होतं. बाई आम्हाला हातांनी दूर करत म्हणाल्या, "अवं, च्या त द्या पयले!" तेवढाच आवाज परत आला. डॉक्टरांना विचारलं, आणखी येईल का? ते म्हणाले, सांगता येत नाही. दवाखान्याबाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "खरा मानूस हाय गड्या हा." आणि मग ऑटोवाल्याशी त्यांनी त्या फाटक्या आवाजात असा काही भाव केला, की तो बिचारा म्हणाला, "माताजी, बैठो, जो देना है दो."

आता त्या निवृत्त होऊन अंजनगावला राहतात. मी फोन केला की निम्मं दिनकरराव बोलतात, निम्मं त्या. पण मला त्या आठवतात त्या शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या क्रीडादिनाच्या.

जानेवारी होता आणि आभाळ भरून आलं होतं. अवकाळीचं काही सांगता येत नाही आमच्याकडे, मागच्याच आठवड्यात अकोल्याकडे गारा पडल्या होत्या. पाहुणे आले होते, मंडप लागला होता, पालक खुर्च्यांवर बसून वर बघत होते. हेडमास्तरीण बाई हवालदिल होऊन आमच्याकडे आल्या. "बोडखे बाई, काय म्हणते हो तुमची देवी? सुरू करायचं का?"

सुमनताई मंडपाच्या कडेला माझ्याशेजारी उभ्या होत्या. अंबाड्यात कण्हेरीची एक कळी खोचलेली. "म्या नाही विचारलं तिले," त्या म्हणाल्या. "सुरू करा."

रोशनी मंचावर गेली, माईकपाशी. आता ती दहावीत होती. तोंड उघडलं आणि लाईन गेली. माईक मेला, स्पीकरची घरघर बंद झाली. शेकडो पोरी मैदानावर आणि एकदम शांत. मग सगळ्या मैदानाची मान सवयीने एकीकडे वळली, आमच्याकडे, बाईंकडे. रोशनीचीही.

मी पाहिलं, बाईंचा हात आधी शिट्टीवर गेला. मग गळ्यावर, जिथे टाक्यांची पांढरी रेघ आहे तिथे. वाटलं, देवा, या बाईचा तो आवाज आत्ता या एका मिनिटापुरता तरी परत दे. बाईंनी हात खाली घेतला. रोशनीकडे पाहून हनुवटी वर केली, तू.

रोशनीने पोटातून श्वास घेतला. मला एवढ्या लांबून तो दिसला.

"साऽऽऽवधान!"

कौलांवरची कबुतरं उडाली. समोरच्या दुकानात न्हाव्याचा वस्तरा थांबला. मैदानभर टाचा जुळल्याचा एकच आवाज झाला. आणि तेवढ्यात माझ्याशेजारीही एक आवाज झाला, कॅनव्हासच्या बुटांचा. वळून पाहते तर सुमनताई ताठ उभ्या. टाचा जुळलेल्या, हात बाजूला, नजर समोर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"ताई, तुम्ही कशाला?" मी कुजबुजले.

"चूप," त्या आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या. "सावधान म्हटलं नं तिनं."

माझ्या चष्म्यावर पावसाचा एक थेंब पडला. मी तो तसाच राहू दिला आणि टाचा जुळवल्या.